क्रेचमारबाईंची खोडणी

"वास येतोय अजून," क्रेचमारबाई म्हणाल्या. "आणखी दोनदा धुवून आणा."

हायको पेट्झोल्डनं हातातला हेरिंग माशाचा रिकामा डबा नाकाशी नेला आणि मान हलवली. "साबणानं घासलाय, बाई. घरी मी एवढी ताटं घासली असती ना, तर बायकोनं माझा फोटो भिंतीवर लावला असता."

"दोनदा," बाई म्हणाल्या.

हायको डबा घेऊन मुकाट्यानं मोरीकडे वळला. संस्थेतले सगळे संगणक त्याच्या ताब्यात होते आणि खुद्द प्रोफेसरांनाही तो दोन दिवस हेलपाटे घालायला लावायचा; पण बाईंपुढे त्याचं काही चालत नसे. लाइपझिगच्या त्या संस्थेत कुणाचंच चालत नसे.

डबा टोपीसाठी हवा होता. कुणी डॉक्टरेटची तोंडी परीक्षा पास झालं की सहकारी त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याची काळी टोपी चढवत, आणि टोपीच्या चौकोनी पाटावर त्या माणसाचा चार वर्षांचा सगळा संसार चिकटवलेला असे. स्वांत्ये ब्रोडरसन ही मुलगी उत्तरेच्या समुद्रकाठची. एकतीस वर्षांची, उंच, फटकळ. दुपारी टेबलावरच हेरिंगचा डबा उघडून पावाबरोबर खाणारी. तिची परीक्षा गुरुवारी होती. टोप्या सत्तावीस वर्षं क्रेचमारबाईच करत आल्या होत्या. ही एकेचाळिसावी आणि शेवटची, कारण ऑक्टोबर संपताच बाई निवृत्त होणार होत्या.

टोपीचा घेर मढवायचा तो त्या माणसाच्या कामाच्या कागदांनी, हा बाईंचा नियम. स्वांत्येचं काम माशांच्या जनुकांवर होतं, म्हणून बाईंनी कपाटातून स्वतः तपासलेल्या जनुकयादीचा २०१३ सालच्या शरदातला गठ्ठा काढला. कात्री उघडली, पहिलं पान उचललं, आणि कात्री तशीच हातात राहिली.

पानाच्या तळाशी एक लाल रेघ होती. क्रमांक चार हजार एकशे सतरा, मासा पर्च, दुसरी प्रत. रेघेपुढे बाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'अर्धवट तुकडा. पहिल्याचीच तुटकी नक्कल. रद्द. रो. क्रे., १४ नोव्हेंबर.'

बाईंनी सवयीनं शेजारचा रकाना बघितला. म्हणजे त्या जनुकाच्या डाव्या-उजव्या अंगाला कोणती जनुकं बसलीत ते. पहिल्या प्रतीचे शेजारी एक होते आणि या तुकड्याचे साफ निराळे. मग तो नक्कल कसा असेल? तुटलेला असेल, पण स्वतंत्र होता. स्वतःच्या घरात राहणारं ते दुसरं जनुक होतं, आणि बाईंनी ते अकरा वर्षांपूर्वी खोडून टाकलं होतं.

बाईंच्या डोक्यामागे भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद होता. त्यावर त्यांनीच ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'शेजारी कोण आहे ते बघितल्याशिवाय खोडू नये.' संस्थेत येणाऱ्या प्रत्येकाला बाई पहिल्या दिवशी त्या कागदासमोर उभं करत.

हायको डबा धुऊन आला. "आता बघा. चंदनासारखा."

"ठेवा तिथं," बाई म्हणाल्या. डबा त्यांनी हुंगलाही नाही. तेव्हा हायकोला कळलं की काहीतरी बिनसलंय.

एक लाल रेघ म्हणजे एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण त्या संस्थेचा सगळा डोलारा रेघांवरच उभा होता. तिथं जनुक म्हणजे कागदावरचा एक ठिपका. दोन जातींमधली दोन जनुकं एकाच पूर्वज जनुकापासून आलेली असतील, आणि केवळ त्यांच्या जाती वेगळ्या झाल्या म्हणून ताटातूट झाली असेल, तर ती सख्खी. त्या दोन ठिपक्यांत रेष मारायची. पण जाती फुटण्याआधीच पूर्वजाच्या पोटात त्या जनुकाच्या दोन प्रती झाल्या असतील, तर एका प्रतीचे वंशज आणि दुसरीचे वंशज आपसात चुलत. त्यांच्यात रेष नाही. अशा ठिपक्यांच्या आणि रेषांच्या जाळ्याला गणितवाले आलेख म्हणतात. सगळ्या रेषा खऱ्या असतील तर त्या जाळ्यात चार ठिपक्यांची सुटी साखळी, म्हणजे एकापुढे एक तीनच रेषा आणि बाकी जोड एकही नाही अशी, कधीही सापडत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. सापडलीच, तर कुठेतरी चुलताला सख्खा म्हटलंय किंवा सख्ख्याला चुलत.

साखळी सापडली तर तिच्यातली कोणती रेष खोटी ते कसं ओळखायचं, हा स्वांत्येचा विषय होता. प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे त्याची सिद्धता, आणि चौथं प्रकरण म्हणजे खऱ्या माशांवर केलेली करामत. कॉड आणि हेरिंग यांच्यातलं, खारं पाणी सोसायला लावणारं एक जनुक सख्खं आहे आणि वीस कोटी वर्षं तेच काम करत आलंय, असं चौथं प्रकरण छातीठोकपणे सांगत होतं. ते सगळं 'क्रेचमार यादी'वरून. सहा देशांतले लोक डोळे मिटून वापरत ती यादी. बाईंनी तपासलंय म्हणजे संपलं.

बाईंनी पाठकोऱ्या कागदावर चार ठिपके काढले. पर्चची पहिली प्रत, कॉडचं जनुक, हेरिंगचं जनुक आणि पर्चची खोडलेली दुसरी प्रत. तीन रेषा मारल्या. चौघांची सरळ साखळी समोर आली.

म्हणजे मूळच्या दोन प्रतींपैकी कॉडनं एक गमावली होती आणि हेरिंगनं नेमकी दुसरी. दोघांकडे एकेकच उरली, म्हणून दोघं एकमेकांकडे बघून म्हणत होते, आपण सख्खे. दोन्ही प्रती जपून ठेवणारा एकटा पर्च होता. तोच एक साक्षीदार, आणि बाईंनी त्याचीच साक्ष काढून टाकली होती.

हा शुक्रवार. शनिवारी-रविवारी बाई बागेत गेल्या नाहीत. शहराबाहेरच्या त्यांच्या जमिनीच्या तुकड्यातली बिहीची पिवळी फळं झाडाखाली पडून राहिली. त्या महिन्यात मारलेल्या एकशे अठरा लाल रेघा त्यांनी एकेक करून पुन्हा तपासल्या. दोन चुकलेल्या निघाल्या. दुसरीचा प्रबंधाशी संबंध नव्हता. रविवारी संध्याकाळी त्यांनी बटाट्याचं सूप गरम केलं, वाटीभर प्यायल्या, आणि सोमवारी कुणाला काय सांगायचं ते चार वाक्यांत ठरवून टाकलं.

सोमवारी प्रोफेसर हेबरले यांच्या खोलीत, स्वांत्येलाही बोलावून, त्यांनी ती चार वाक्यं सांगितली. स्वांत्ये आधी हसलीच.

"तुम्ही? तुम्ही चुकलात? बाई, मला घाबरवायला तुम्हाला हायकोनं पाठवलंय ना?"

बाईंनी पान पुढे केलं. स्वांत्येनं शेजारचा रकाना बघितला. पुन्हा बघितला. मग पान हेबरलेंपुढे सरकवलं.

"चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं मी या यादीवर घर बांधलंय. आणि हे तुम्ही मला आज सांगताय? गुरुवारी माझी परीक्षा आहे!"

"म्हणून तर सोमवारी सांगतेय."

"वा! उपकारच झाले! परीक्षा झाल्यावर, शुक्रवारी सांगितलं असतं तर चाललं नसतं?"

"नसतं. गुरुवारनंतर ती तुमची चूक झाली असती. आज ती माझी आहे."

स्वांत्ये खुर्चीत मागे टेकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. प्रोफेसर हेबरले उठून खिडकीशी गेले. बर्लिनची भिंत पडल्यावर काही वर्षांनी ते पश्चिमेकडून इथं आले तेव्हा त्यांना सगळ्यात आधी समजलेला माणूस म्हणजे क्रेचमारबाई. सत्तावीस वर्षांत दोघं अहो-जाहोवरून खाली आले नव्हते.

"हे बघा," ते म्हणाले, "गुरुवार पार पडू दे. प्रबंध परीक्षकांकडे गेलेला आहे, त्यांचे अहवाल चांगले आहेत. नंतर शांतपणे दुरुस्तीचं पत्रक काढू. 'मूळ माहितीतील त्रुटी' एवढंच लिहू. नावगाव कशाला? तुमचा शेवटचा आठवडा आहे, बाई."

"त्रुटी आपोआप होत नाही, प्रोफेसर. सही आहे खाली. तारीख आहे."

"अहो, पण..."

"गुरुवारी मी सभागृहात बसणार आहे. परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, प्रश्न कुणीही विचारू शकतं. मी आजवर कधी विचारला नाही. ब्रोडरसनबाई बोलल्या तर मी गप्प बसेन. नाही बोलल्या तर मी विचारीन."

आवाज चढला नव्हता. बाग झाडायला कधी जाणार ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. हेबरलेंनी हातातलं पान उलटसुलट केलं.

"तुम्ही शेजारी न बघता खोडता हे मला खरंच वाटत नाही," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी झालं तरी काय होतं?"

"गुरुवार होता," बाई म्हणाल्या.

त्या गुरुवारी सकाळी साडेदहाला इस्पितळातून फोन आला होता. त्यांचे यजमान डीटर तीन आठवडे तिथं होते. नर्स म्हणाली, आलात तर बरं होईल. बाईंच्या पानावर पाच ओळी राहिल्या होत्या. पान अर्धं टाकून उठायचं नाही, ही त्यांची सवय. वडील पाद्री, म्हणून पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीत बाईंना पुढच्या शिक्षणाची दारंच उघडली नव्हती. सतराव्या वर्षी प्रयोगशाळेत हाताखालची म्हणून लागल्या. राजवट गेल्यावर जुनी संस्था बरखास्त झाली आणि निम्म्या लोकांना घरी पाठवलं, तेव्हाही त्या टिकल्या. टिकल्या त्या याच सवयीवर. तिचा त्यांना अभिमान होता. म्हणून त्यांनी त्या दिवशीही पाच ओळी उरकल्या. वीस मिनिटं लागली. मग ट्रामनं पोचल्या तेव्हा डीटर गुंगीत गेले होते. रविवारी ते गेले, एक शब्दही न बोलता. ती वीस मिनिटं बाईंनी कधी कुणाला सांगितली नव्हती. आता अकरा वर्षांनी कळत होतं की पानही धड झालं नाही आणि माणूसही बोलता भेटला नाही.

याचं दुःख त्यांना होतं, आणि ते खूप होतं. पण ते सबब म्हणून टेबलावर मांडायचं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

मंगळवारी स्वांत्ये दार लावून संगणकापुढे बसली. बुधवारी सकाळी ती बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते, पण मान ताठ होती.

"मी पर्चची दुसरी प्रत परत टाकली आणि माझा प्रोग्रॅम पुन्हा चालवला," ती म्हणाली.

"मग?"

"त्यानं चार ठिपक्यांची साखळी दाखवली. एका मिनिटात. आणि सांगितलं की मधली रेष खोटी आहे. कॉड आणि हेरिंग सख्खे नाहीत, चुलत आहेत." तिनं छापलेला कागद पुढे केला. "साखळीची दोन्ही टोकं एकाच जातीची असली तर मधली रेष खोटी, हे मीच सिद्ध केलंय बाई. तिसऱ्या प्रकरणात. माझ्या तिसऱ्या प्रकरणानं माझं चौथं प्रकरण पकडलं!"

"मग रडलात कशाला?"

"चौथं आवडतं होतं मला."

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. स्वांत्ये बसली.

"उद्या मी हेच दाखवणार आहे," ती म्हणाली. "मला नापास करायचं तर करू देत. पण मला सांगावं लागेल की ती प्रत यादीतून गेली कशी."

"सांगा."

"नावासकट?"

"प्रबंधाच्या आभाराच्या पानावर माझं नाव आहे ना? तिथं चालतं, तर इथंही चाललं पाहिजे."

"सोमवारी मी तुम्हाला फार लागेल असं बोलले."

"बोललात. मीही ऐकून घेतलं. आता जा, आणि तो अंगातला सदरा इस्त्री करून घाला उद्या."

गुरुवारी सभागृह भरलं होतं. बाई तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. स्वांत्येनं पहिली तीन प्रकरणं झपाझप सांगितली. मग पडद्यावर ते पान आलं, लाल रेघेसकट, भिंतीएवढं मोठं. 'रद्द. रो. क्रे., १४ नोव्हेंबर.' सत्तावीस वर्षांत बाईंचं अक्षर त्या पडद्यावर पहिल्यांदा आलं होतं. सभागृहात कुजबूज झाली. बाईंनी हात मांडीवर एकावर एक ठेवले आणि पडद्याकडे बघत राहिल्या. नजर खाली घातली नाही.

"माझं चौथं प्रकरण छापलंय तसं चूक आहे," स्वांत्ये म्हणाली. "आता ते चूक का आहे, ते मी माझ्याच पद्धतीनं दाखवते." आणि तिनं चार ठिपके काढले.

परीक्षक म्हणून दुसऱ्या शहरातून आलेल्या टीफेनबाखबाई नाकावरच्या चष्म्यातून ऐकत होत्या. त्यांचं नाव ऐकलं की विद्यार्थी प्रबंध पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेत. स्वांत्ये थांबल्यावर त्या म्हणाल्या, "युक्ती सुरेख आहे. एक खोडणी चुकली, ती सापडली. पण या यादीत अशा हजारो खोडण्या आहेत. बाकीच्यांवर मी विश्वास का ठेवावा?"

स्वांत्ये तिसऱ्या रांगेकडे वळली. "याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात. त्यांनाच विचारा."

सगळ्या माना वळल्या. क्रेचमारबाई उठून उभ्या राहिल्या. निळा स्वेटर, करडे केस, पाठ सरळ.

"आपण डॉक्टर...?" टीफेनबाखबाईंनी विचारलं.

"नुसती क्रेचमार. त्या महिन्यातल्या एकशे अठरा खोडण्या मी पुन्हा तपासल्या. दोन चुकल्यात. दुसरी या प्रबंधात नाही. इतर महिन्यांच्या मिळून नऊ हजारांच्या वर आहेत. त्यांच्याबद्दल आज मी काही सांगू शकत नाही."

"मग त्या कोण तपासणार?"

"उद्यापर्यंत मी. सोमवारपासून दुसऱ्या कुणाला तरी तपासाव्या लागतील. कसं तपासायचं ते भिंतीवर लिहिलेलं आहे."

कुणीतरी हसलं, पण वाईट अर्थानं नव्हे. टीफेनबाखबाईंनी चष्मा काढला. "असं उत्तर मला प्राध्यापकांकडून क्वचित मिळतं," त्या म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न तिसऱ्या प्रकरणावर विचारला.

पाऊण तासानं परीक्षक दाराबाहेर आले. स्वांत्ये उत्तम गुणांनी पास झाली होती. चौथं प्रकरण दुरुस्त करून मगच छापायचं, एवढी अट घातली होती. हायकोनं टोपी आणली. पाटावर हेरिंगचा डबा, दोऱ्यानं ओवलेले चार मणी, आणि कडेला पुठ्ठ्याचे दोन पर्च मासे, बाईंनी बुधवारी कापून चिकटवलेले. टोपी तिच्या कानांवर घसरली. डब्याला वास अजून येत होता.

"अभिनंदन, स्वांत्ये," बाई म्हणाल्या. डॉक्टर झाल्याशिवाय त्या कुणा विद्यार्थ्याला एकेरी हाक मारत नसत. "आता तू मला रोसविथा म्हण."

स्वांत्येनं टोपी सांभाळत त्यांना मिठी मारली. तिला नाव घेता आलं नाही, नुसतीच रडली. बाईंचेही डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

शुक्रवारी शेवटचा दिवस. निघणाऱ्यानं केक आणायचा ही तिथली रीत. बाईंनी बिही घातलेला केक पहाटेच भाजून आणला आणि खाली चहाच्या खोलीत ठेवला. मग त्या टेबलाशी आल्या आणि यादी उघडली. क्रमांक चार हजार एकशे सतरा. 'रद्द, रो. क्रे.' या ओळीखाली त्यांनी लिहिलं: 'पुन्हा दाखल, रो. क्रे.' तारीख घातली. मग डिसेंबर २०१३ चा गठ्ठा काढून पहिल्या पानापासून तपासायला लागल्या.

साडेदहाला स्वांत्ये दारात आली. "रोसविथा, खाली सगळे थांबलेत. हेबरलेंनी भाषण लिहून आणलंय. हायको म्हणतो, तू आली नाहीस तर तो केकला हात लावील."

"आले," बाई म्हणाल्या.

पानावर पाच-सहा ओळी राहिल्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग लाल पेन्सिल त्या अर्ध्या पानावर आडवी ठेवली आणि उठल्या.